कै. पांडुरंग सदाशिव खानखोजे

आपल्या शाहूवाडीतील पुष्कळ घरांची मुले पोटासाठी दूर गेली आहेत. वर्धा येथे १८८४ साली जन्मलेले खानखोजे देशस्वातंत्र्याच्या ध्यासाने परदेशी गेले. अमेरिकेत शेतकी शिकून ते गदर चळवळीत शिरले. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढले. इंग्रजी अमलात स्वदेशाचे दार बंद झाले, तेव्हा १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले. चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवीत त्यांनी मका सुधारला व गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. १९३६ मध्ये एका बेल्जियन युवतीशी विवाह करून त्यांनी तेथेच संसार थाटला. एका कन्येचे नाव मात्र सावित्री ठेवले. देश स्वतंत्र झाल्यावर ते सहकुटुंब परतले व १९६७ मध्ये नागपूर येथे निवर्तले. दूरच्या लेकरांसाठी सायंप्रार्थना करताना त्यांच्या निष्ठेचेही स्मरण असावे.