ताराबाई मोडक
ताराबाई मोडक (१९ एप्रिल, इ.स. १८९२ - ३१ ऑगस्ट, इ.स. १९७३) या मराठी बालशिक्षणतज्ज्ञ होत्या. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी माँटेसरी पद्धतीवर कार्य केले. या पद्धतीची महागडी साधने खेड्यांना परवडणारी नव्हती. त्यामुळे १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केल्यावर त्यांनी पाने, बिया, खडे, शिंपले अशा परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे स्थान दिले आणि स्वच्छतेच्या सवयींवर भर दिला.

पुढे कोसबाड येथील अनेक आदिवासी मुले गुरे राखावी लागत असल्याने शाळेत येऊ शकत नसत. म्हणून अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ताराबाईंनी शाळाच कुरणात नेली. या कुरणशाळेत मुले गुरे राखता राखता भोवतालच्या निसर्गाच्या आधारे शिकत. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण पुरस्कार प्रदान करण्यात आला.