हाफकिन यांचे अपुरे राहिलेले कार्य

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रातील सुशिक्षितांना परिचित आहे; परंतु ते ज्यांचे नाव, त्या पुरुषाचे चरित्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. ज्यू असल्यामुळे झारशाही रशियात त्यांची वाट रोखली गेली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील कामापासून त्यांनी आरंभ केला, तेथेच पटकीवरील लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

१८९३ साली ते हिंदुस्थानात आले. पटकीचा जंतू मुख्यतः दूषित पाण्यातून शरीरात शिरतो. त्याच्या कुळातील काही जंतू माशांनाही ग्रासतात. आपल्याकडे मात्र साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडण्याची रूढी होती. १८९४ साली कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत साथ उद्भवली, तेव्हा हाफकिन यांनी सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांना लस टोचली. पुढे ज्या ९ जणांना पटकी झाली, ते सर्व लस न घेतलेले होते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. जानेवारी १८९७ मध्ये त्यावरील लसही हाफकिन यांनी आधी स्वतःवरच आजमावली. पण १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि त्याचा ठपका त्यांच्या प्रयोगशाळेवर आला. ते दोषमुक्त ठरण्यास १९०७ साल उजाडले. १९२५ साली मुंबईच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली लोझान येथे ते निवर्तले.

लसीने माणूस वाचतो, पाणी शुद्ध होत नाही. हे दुसरे काम एकट्या शास्त्रज्ञाचे नव्हे. विहीर शुद्ध राखण्याचा लाभ साऱ्या गावाला मिळतो, म्हणूनच त्याचा खर्च आपला आहे असे कोणालाच वाटत नाही. अशा ठिकाणी सार्वजनिक तिजोरीनेच पुढे व्हावे, असे अर्थशास्त्र सांगते. उमरग्यासारख्या अवर्षणप्रवण भागात उन्हाळ्यात पाणी मिळाले यातच समाधान मानले जाते. ते पिण्याजोगे आहे काय, हा प्रश्न मागे पडतो. तो प्रश्न ग्रामसभेत दरवर्षी विचारला जाणे आणि त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होणे, हेच हाफकिन यांचे खरे स्मरण ठरेल.