भंगारातल्या बंदुका आणि नदीतला किल्ला

न्यूयॉर्कहून हडसन नदीच्या काठाकाठाने उत्तरेकडे जाणारी एक लोकल आहे. एमएस करायला तिकडे गेलेली तुमची ताई किंवा रूममेटचा भाऊ कधी त्या गाडीत बसला असेल, तर त्याला नक्की विचारा. साधारण ऐंशी किलोमीटरवर, बीकन स्टेशन यायच्या थोडं आधी, डाव्या खिडकीतून नदीच्या पात्रात एक छोटंसं बेट दिसतं. बेटावर किल्ला. बुरूज आहेत, कमानी आहेत, पण अर्ध्या भिंती पडलेल्या. उरलेल्या भिंतीवर भल्यामोठ्या अक्षरांत नाव कोरलंय, बॅनरमन्स आयलंड आर्सेनल.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुठल्यातरी राजाचा किल्ला असेल, नाहीतर सिनेमाचा सेट. दोन्ही नाही. ते एका दुकानदाराचं गोडाऊन होतं! लिलावात घेतलेल्या जुन्या लष्करी मालाचं गोडाऊन. दुकानदाराचं नाव फ्रान्सिस बॅनरमन. जुन्या रायफली आणि कार्बाइन जमवणाऱ्या जगभरच्या लोकांमध्ये हे नाव आजही माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण.

गळाला लागलेलं करिअर

फ्रान्सिसचा जन्म २४ मार्च १८५१ चा, स्कॉटलंडमधल्या डंडी गावचा. घरात थोरल्या मुलाचं नाव फ्रँकच ठेवायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. त्यामुळे हा सहावा फ्रँक. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत आलं आणि पुढे न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये राहायला लागलं. वडील नौदलाच्या लिलावात निघालेला माल घ्यायचे आणि विकायचे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. वडील लढायला गेले. घर चालवायचं कोणी? दहा वर्षांच्या फ्रँकने शाळा सोडली. सकाळी बंदरातल्या जहाजांवर पेपर विकायचे आणि उरलेल्या वेळात नदी धुंडाळायची. दोराला लोखंडी आकडा बांधून तो पाण्यात सोडायचा. तळाशी पडलेले दोरखंड, साखळ्या, लोखंडाचे तुकडे वर ओढायचे आणि भंगारवाल्याला विकायचे. जे इतरांनी फेकलं त्याला कुठेतरी गिऱ्हाईक असतंच, हा धडा त्याला तिथे मिळाला. आयुष्यभर तो हाच धंदा करत राहिला, फक्त मालाचा आकार वाढत गेला.

वडील युद्धातून परत आले ते अधू होऊन. फ्रँक पुन्हा शिकला. हुशार होता. कॉर्नेल विद्यापीठाची स्कॉलरशिप मिळाली. आपल्यापैकी कुणाला मिळाली तर स्टेटस लागेल, पेढे वाटले जातील. त्याने ती नाकारली. वडिलांना एकट्याने धंदा झेपणार नव्हता. कॉलेज राहिलं ते राहिलंच.

किलोवर की नगावर?

आता जरा त्या काळचा बाजार समजून घेऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. सैनिकांना घरी जाताना आपलं हत्यार विकत घेण्याची मुभा सरकारने दिली. मस्केट सहा डॉलर, स्पेन्सर कार्बाइन दहा डॉलर. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची बंदूक. घोड्यावर बसून लांब रायफल सांभाळणं अवघड, म्हणून घोडदळाला ती देत. बऱ्याच जणांनी आपापली बंदूक घरी नेली. तरी लाखो बंदुका सरकारी कोठारांत पडून राहिल्या.

त्यात तंत्रज्ञान बदललं. तोपर्यंत बहुतेक पायदळाच्या हातात ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरा, गजाने ठासा, मग झाडा. आता मागच्या बाजूने काडतूस सरकवायच्या बंदुका आल्या. काल घेतलेला माल आज जुना. आपल्या फोनसारखंच. लष्कर नवं मॉडेल घ्यायचं आणि जुनं लिलावात काढायचं. १८९२ मध्ये क्रॅग रायफल निवडली गेली, १९०३ मध्ये स्प्रिंगफील्ड. दर वेळी आधीच्या पिढीची कोठारं रिकामी व्हायची.

हे लिलाव नगावर नसत, लॉटवर असत. एका लॉटमध्ये शेकडो, कधी हजारो बंदुका. बोली लावायला येत ते बहुतेक भंगारवाले. त्यांचा हिशेब सोपा होता. लोखंड किती, पितळ किती, लाकूड जाळायला. बंदूक घ्यायची, फोडायची आणि वितळवायची.

फ्रँक त्याच रांगेत बसायचा, पण त्याचा हिशेब वेगळा होता. अख्ख्या बंदुकीची किंमत तिच्या लोखंडाच्या किमतीहून जास्त आहे, हे त्याने ओळखलं. त्यामुळे भंगारवाल्यापेक्षा थोडी जास्त बोली लावूनही त्याला नफा राहायचा. घेणारे होतेच. नाटक कंपन्यांना रंगमंचावर शिपाई उभे करायला बंदुका लागायच्या. लष्करी शाळांतल्या पोरांना कवायतीला लागायच्या. चित्रकारांना मॉडेल म्हणून लागायच्या. आणि हळूहळू एक नवीनच गिऱ्हाईक तयार झालं. त्याला बंदूक चालवायची नव्हती, नुसती जवळ ठेवायची होती. तो संग्राहक.

आज आपण थ्रिफ्टिंग, व्हिंटेज, रिसेल असे शब्द सहज वापरतो. या माणसाने तो खेळ दीडशे वर्षांपूर्वी मांडला होता.

१८७२ मध्ये आयर्लंडला गेला असताना हेलन बॉइस भेटली. तिथेच लग्न झालं. पुढे तीन मुलगे झाले. त्यातल्या एकाचं नाव, अर्थातच, फ्रँक.

कॅटलॉग नावाचं पुस्तक

१८९७ मध्ये दुकान न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर आलं आणि १९०५ च्या सुमारास त्याच रस्त्यावरच्या ५०१ नंबरच्या मोठ्या इमारतीत गेलं. दुकान म्हणावं की म्युझियम, असा प्रश्न पडावा अशी जागा. तोफा, तलवारी, ढोल, खोगिरं, गणवेशाची बटणं, सगळं मांडलेलं.

जे न्यूयॉर्कला येऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी त्याने पोस्टाने माल पाठवायला सुरुवात केली. त्यासाठी कॅटलॉग छापला. हा कॅटलॉग पुढे तीनशेहून जास्त पानांचा झाला. प्रत्येक वस्तूचं चित्र, कुठल्या युद्धातली, कशी चालायची, किंमत किती. जुन्या बंदुकांवर धड पुस्तकं नव्हती त्या काळात लोक तो कॅटलॉग अभ्यासाला वापरायचे. कंपनीने तो १९६० च्या दशकापर्यंत काढला. आज त्या कॅटलॉगच्या जुन्या प्रतीही लिलावात विकल्या जातात. याला म्हणतात नशीब!

एक लिलाव आणि तीन कोटी काडतुसं

१८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांचं युद्ध झालं. काही महिन्यांतच संपलं. स्पॅनिश सैन्याकडून जिंकलेला माल अमेरिकन सरकारने विकायला काढला. त्यात स्पेनच्या मॉझर रायफली होत्या, त्या काळातल्या उत्तम रायफलींपैकी एक. बॅनरमनने सीलबंद बोली भरली आणि विकायला निघालेल्या मालातला जवळजवळ ९० टक्के माल एकट्याने उचलला.

स्वप्नातला सौदा. पण सोबत आली साधारण तीन कोटी काडतुसं. एवढी दारू भर शहरात कुठे ठेवणार? शहर प्रशासन परवानगी देईना, शेजारी झोपू देईनात. जागा हवी होती शहरापासून लांब आणि पाण्याने वेढलेली.

ती सापडली फिरायला गेल्यावर. त्याचा मुलगा डेव्हिड हडसन नदीत छोटी नाव वल्हवत होता, तेव्हा त्याला पोलेपेल नावाचं बेट दिसलं. जेमतेम साडेसहा एकर. १९०० मध्ये बॅनरमनने ते विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी बांधकाम सुरू झालं.

साधं गोडाऊन बांधून भागलं असतं. पण याच्या डोक्यात लहानपणी ऐकलेलं स्कॉटलंड होतं. नकाशे स्वतःच काढले. बुरूज, खंदक, कमानी, सगळी हौस केली. लाटा अडवायला जुने तराफे विकत घेऊन बेटाभोवती बुडवले. वरच्या टेकाडावर घरच्यांसाठी उन्हाळ्यात राहायला एक छोटा वाडा बांधला. हेलनला बागेची आवड होती. दारूच्या कोठाराशेजारी तिने फुलं लावली.

मग हा माणूस चांगला की वाईट?

हे वाचताना मला सारखा हाच प्रश्न पडत होता. तुम्हालाही पडला असेल.

बॅनरमन धार्मिक होता. मुलांना बायबल शिकवायचा. अल्पवयीन मुलांना बंदूक विकायची नाही, हा त्याच्या दुकानाचा नियम होता. एक दिवस जगात युद्धं थांबतील आणि आपला सगळा माल विसरलेल्या कलेचं म्युझियम म्हणून उरेल, अशी त्याची इच्छा होती आणि ती तो उघड बोलून दाखवायचा.

पण हाच माणूस लढणाऱ्या सैन्यांनाही माल विकायचा. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धाच्या वेळीही त्याच्याकडून माल गेला. म्हणजे एकाच लिलावातल्या दोन रायफली. एक नाटकाच्या स्टेजवर गेली आणि दुसरी कुठल्यातरी खऱ्या खंदकात. दुकानदार एकच.

मला वाटतं, त्याला संत ठरवायची गरज नाही आणि राक्षसही. लिलावात हातोडा पडतो तेव्हा वस्तूचं पुढचं आयुष्य घेणारा ठरवतो. भंगारवाल्याने घेतली तर ती वितळते, सैन्याने घेतली तर पुन्हा माणूस मारते, संग्राहकाने घेतली तर गोष्ट सांगायला उरते. बॅनरमन या तिघांच्या मध्ये उभा होता. त्याच्यामुळे हजारो बंदुका भट्टीतून वाचल्या, हे खरं. त्यातल्या काही पुन्हा रणांगणावर गेल्या, हेही खरं.

बेटाचा शेवट

पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, २६ नोव्हेंबरला, बॅनरमन गेला. किल्ल्याचं काम जिथल्या तिथे थांबलं. ऑगस्ट १९२० मध्ये बेटावरच्या सुमारे दोनशे टन दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि किल्ल्याचा काही भाग उडाला. १९५० मध्ये बेटावर ये-जा करणारी बोट वादळात बुडाली. शेवटी १९६७ मध्ये घरच्यांनी बेट न्यूयॉर्क राज्याला दिलं. त्याआधी उरलेला माल हलवला गेला आणि त्यातल्या काही वस्तू स्मिथसोनियन म्युझियमला मिळाल्या. म्युझियमचं स्वप्न एवढं तरी खरं झालं. ८ ऑगस्ट १९६९ ला आग लागली आणि छप्पर, मजले सगळे गेले. आज स्वयंसेवक तिथली बाग सांभाळतात. हेलनची बाग.

आज बोली लावणारे

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटिक मानली जाते. योगायोग बघा, बॅनरमनच्या सर्वांत मोठ्या सौद्याचं युद्धही त्याच वर्षीचं.

त्या लिलावांमध्ये जाणकार बंदूक हातात घेऊन आधी चापाजवळच्या पट्टीवरचं साल बघतात. मग लाकडी दस्त्यावरचा तपासनिसाचा शिक्का बघतात, आणि सुट्या भागांवर नंबर असतील तर ते जुळतात का, हेही बघतात. कारण बॅनरमनच्या दुकानात उरलेले सुटे भाग जोडूनही बंदुका तयार व्हायच्या. बाहेरून अस्सल, आत पाच ठिकाणचा संसार. अशी जोडलेली बंदूक अस्सल म्हणून घेतली तर पैसे पाण्यात. पण गंमत म्हणजे आता बॅनरमनने जोडलेली म्हणूनही ती कुणीतरी हौसेने घेतो.

आपल्याकडे हा छंद इतका सोपा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या बनावटीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही असं असेल तरच. तेव्हा आजोबांच्या माळ्यावर काही सापडलं तर आधी पोलिस स्टेशनला विचारा, मग रील बनवा.

दहाव्या वर्षी शाळा सोडलेल्या त्या मुलाच्या आकड्याला नदीच्या तळातून काय लागलं, तर एक अख्खा किल्ला. तोही आता पुन्हा नदीकडेच कलतोय. २००९ मध्ये त्याच्या भिंतींचा आणखी एक भाग कोसळला. उरलेल्या भिंतींना टेकू लावून ठेवलेत. तुमच्या ताईला सांगा, डाव्या खिडकीजवळ बस.