शाळेत साधा संडास नव्हता, आणि हेडमास्तर होते हेगेल

कार्ल मार्क्स ज्यांचं वाचून घडला ते जर्मन तत्त्वज्ञ म्हणजे हेगेल. हेच हेगेल 8 वर्षं चक्क एका शाळेचे हेडमास्तर होते.

त्याचं झालं असं की, 1806 मध्ये नेपोलियनची फौज येना शहरात घुसली आणि तिथल्या युनिव्हर्सिटीचा बाजारच उठला. पुढच्या वर्षी हेगेल यांचा मोठा ग्रंथ छापून आला, पण त्यावर पोट भरणार कसं? त्यांनी बाम्बर्गमध्ये एक पेपर चालवला. शेवटी बव्हेरियाच्या शिक्षण खात्यातले मित्र नीटहामर कामी आले आणि 1808 मध्ये हेगेल न्यूरेम्बर्गच्या गिम्नॅझियमचे रेक्टर झाले.

ही शाळा 1526 ची. ल्यूथर यांचे सहकारी मेलांख्थोन यांनी सुरू केलेली. लॅटिन आणि ग्रीक हा तिचा कणा.

मेलेल्या भाषा कशाला, पोरांना कामाचं काहीतरी शिकवा, अशी ओरड तेव्हाही होतीच. 1809 च्या भाषणात हेगेल यांनी त्याला उत्तर दिलं. नुसतं लॅटिन घोकणं त्यांनाही पटत नव्हतं. पण परक्या भाषेचं व्याकरण सोडवताना पोरगं विचार करायला शिकतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

इकडे पगार महिनोन्‌महिने थकायचा. शाळेत संडास नाही, ही तक्रारसुद्धा तत्त्वज्ञानाच्या या बापमाणसालाच करावी लागली. पैशांच्या याच ओढाताणीत 1811 मध्ये त्यांचं लग्न झालं आणि वर्ग सांभाळत ‘तर्कशास्त्राचं विज्ञान’ हा ग्रंथही लिहून झाला.

1816 मध्ये हायडलबर्गला प्रोफेसरकी मिळाली आणि ते गेले. शाळा मात्र आजही सुरू आहे, मेलांख्थोन यांच्या नावाने.