ऑगस्टस सेंट-गॉडन्स : चेहरे घडवणारा शिल्पकार

युद्धस्मारकासमोर उभे राहिल्यावर आपली दृष्टी प्रथम घोड्यावरील सेनानीकडे जाते. ती दृष्टी पायी चालणाऱ्या सैनिकांकडे वळवणाऱ्या एका शिल्पकाराचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत.

ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांचा जन्म १८४८ मध्ये डब्लिन येथे झाला. वडील फ्रेंच, व्यवसायाने पादत्राणे बनवणारे, आई आयरिश. आयर्लंडमधील भीषण दुष्काळामुळे हे कुटुंब त्याच वर्षी अमेरिकेत स्थलांतरित झाले. न्यूयॉर्कमध्ये तेराव्या वर्षी ऑगस्टस एका कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करू लागले. पुढे त्यांनी पॅरिस येथे शिल्पकलेचे शिक्षण घेतले.

१८८४ मध्ये त्यांच्याकडे बोस्टन येथील कर्नल रॉबर्ट शॉ यांच्या स्मारकाचे काम आले. अमेरिकी यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचे नेतृत्व करताना शॉ १८६३ मध्ये धारातीर्थी पडले होते. सेंट-गॉडन्स यांच्या मनात केवळ अश्वारूढ पुतळा होता. परंतु शॉ कुटुंबाला एकट्याचा गौरव मान्य नव्हता. त्यामुळे घोड्यासोबत चालणारे सैनिकही शिल्पात आले. सेंट-गॉडन्स यांनी कृष्णवर्णीय व्यक्तींना समोर बसवून प्रत्येक चेहरा वेगळा घडवला. १८९७ मध्ये स्मारकाचे अनावरण झाले.

मात्र त्यावर नावे कोरली गेली ती धारातीर्थी पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची. १९०७ मध्ये सेंट-गॉडन्स यांचे निधन झाले. सैनिकांची नावे तेथे आली ती १९८०च्या दशकात. म्हणूनच स्मारक पाहताना त्यावर कोणाचे नाव नाही, हेही आपण वाचावयास शिकले पाहिजे.