फादर स्टीफन्स : परभाषेवर जीव जडलेला माणूस

आमच्या निपाणीकडे मराठी आणि कन्नड एकाच ओसरीवर नांदतात. तरी लहानपणी वर्गात कन्नड विभक्ती चुकली की सारे हसत, आणि मग येत असलेला प्रत्ययही माझ्या तोंडून निघत नसे. म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र मला जवळचे वाटते.

हे मूळचे इंग्लंडचे. १५७९ साली जेझुइट म्हणून गोव्यात उतरले, ते १६१९ साली मरेपर्यंत तिकडेच, बहुतेक काळ साष्टीत राहिले. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरे. परंतु नुसत्या हेतूने व्याकरण येत नाही. ज्यांच्या मातृभाषेत निर्जीव वस्तूंना लिंगभेद नाही, त्यांना 'तो दगड, ती भिंत, ते घर' किती जड गेले असेल! तरी १६१६ साली त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. त्यातील मराठीची स्तुती जीव जडल्यावाचून लिहिता येणारी नाही. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण १६४० साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रायतूरला छापले गेले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने कोकणी बंद करण्याचा हुकूम काढला. हुकमाने ती मेली नाही. धाकाने जीभ अडते, जिव्हाळ्याने मोकळी होते.

माझा कानडी मित्र 'माझा पुस्तक' म्हणतो, तेव्हा मी आता हसत नाही. त्याच्या भाषेत दगड, भिंत, घर सारे नपुंसकलिंगीच! मी त्याला लिंग सांगतो, तो मला विभक्ती सांगतो.