वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) व कर्करोग संशोधक होते. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे ते पहिल्यापासूनचे प्रमुख होते. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते आणि १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. भारतातील अनेक कर्करोगांचे मूळ वंशात किंवा हवामानात नसून रोजच्या सवयींत आहे, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराव्यानिशी मांडले.

शिक्षण आणि अध्यापन

खानोलकरांचे वैद्यकीय शिक्षण लंडन विद्यापीठात झाले. तेथूनच १९२३ मध्ये त्यांनी विकृतिशास्त्रात एम.डी. पदवी मिळवली. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व नंतर परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. १९२६ मध्ये सुरू झालेले हे दुसरे महाविद्यालय व त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय यांत विकृतिशास्त्र विभागाची घडी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

त्या काळातील विकृतिशास्त्राचे महत्त्व आज सहजी लक्षात येत नाही. प्रतिजैविके आलेली नव्हती, शरीराच्या आतले दाखवणारी आजची यंत्रे नव्हती आणि कित्येक रोगांचे खरे निदान शवविच्छेदनाच्या टेबलावरच होत असे. हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग हे याचे चांगले उदाहरण आहे. १९४० च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध होईपर्यंत हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरे. रुग्णाला आधीपासून कर्करोग असेल तर गुंता आणखी वाढे. सततचा ताप व खालावत जाणारी प्रकृती ही अर्बुदाचीच लक्षणे मानली जात आणि झडपेवरचा संसर्ग नजरेआड राही. शिवाय कर्करोगाच्या रुग्णांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, त्यामुळे जंतू नसतानाही झडपांवर रक्ताच्या गुठळ्या बसतात. गुठळी जंतूंची असो वा निर्जंतुक, तिचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघात होतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसू शकतात. फरक ठरतो तो ऊतीचा पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. हा विषय खानोलकरांच्या संशोधनाचा नव्हता, मात्र संसर्ग आणि अर्बुद या दोहोंकडे एकाच शिस्तीने, ऊतीच्या पुराव्यावरून पाहण्याची जी पद्धत त्यात लागते, तीच त्यांच्या पुढच्या सर्व कामाचा पाया होती.

टाटा स्मारक रुग्णालय

सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने लेडी मेहरबाई टाटा यांच्या स्मरणार्थ उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले. मेहरबाईंचा मृत्यू रक्ताच्या कर्करोगाने झाला होता. खानोलकर तेथे प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. भारतात कर्करोग फारसा होत नाही, ही समजूत त्या वेळी देशी-परदेशी डॉक्टरांत बऱ्यापैकी रूढ होती. रुग्णालयात जमू लागलेल्या बायॉप्सींनी ती खोटी ठरवली. रोग होता, पण तो नोंदला जात नव्हता.

मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर १९४५ मध्ये सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी लिहिलेला निबंध अधिक गाजला. चालीरीतींशी निगडित असे तीन प्रकारचे कर्करोग त्यात वर्णिले होते. पहिला धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवर, गाठ घट्ट बसते तेथे वर्षानुवर्षांच्या घर्षणाने होणारा त्वचेचा कर्करोग. दुसरा चुना लावून मळलेली तंबाखू, म्हणजे खैनी, खालच्या ओठामागे धरून ठेवणाऱ्यांच्या ओठाचा. तिसरा टाळूचा. आंध्रच्या किनारपट्टीवर, विशेषतः विशाखापट्टणमच्या परिसरात, चुट्टा नावाची गावठी चिरूट पेटते टोक तोंडात ठेवून ओढण्याची रीत होती व स्त्रियांतही ती रूढ होती. तिची धग थेट टाळूला लागे. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी बाळगल्या जाणाऱ्या कांगडीमुळे होणारा त्वचेचा कर्करोग वैद्यकाला आधीपासून ठाऊक होता. खानोलकर व सूर्याबाई यांच्या निबंधामुळे तो एकटादुकटा चमत्कार राहिला नाही. कोणत्या जागी, कोणत्या सवयीने, किती काळ इजा होते हे पाहिले तर रोगाचे कारण हाती लागते आणि ती सवय सुटली तर रोग टळू शकतो, हा त्यातला आशय धोतराच्या गाठीपेक्षा कितीतरी मोठा होता.

मुंबईसारख्या शहरात अनेक समाज शेजारी राहत असूनही त्यांच्यातील कर्करोगांचे प्रकार वेगवेगळे होते. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक व गर्भाशयमुखाचा कमी आढळे. इतर अनेक समाजांत चित्र उलटे होते. हे अंतर आनुवंशिक किती आणि राहणीमुळे किती, हा प्रश्न खानोलकरांनी बराच काळ हाताळला. लालचंद संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक गुणांची तुलना केली. भारतीय लोकसंख्येच्या आनुवंशिकीतील हा आरंभीच्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक आहे. (‘बॉम्बे रक्तगट’ या दुर्मिळ रक्तगटाचा शोध मात्र डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लावला. दोन्ही कामे परळच्याच परिसरातील असल्याने कधीकधी गल्लत होते.)

१९५५ मध्ये संघवी, राव व खानोलकर यांचा तंबाखूवरील अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. रुग्णांची इतरांशी तुलना करून त्यांनी दाखवले की, तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यतः तोंडाच्या पोकळीतील कर्करोगाशी, तर ओढण्याचा संबंध जिभेचा मागचा भाग व घसा यांच्या कर्करोगाशी आहे. इंग्लंड-अमेरिकेत सिगारेट व फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध १९५० च्या सुमारास मांडला गेला होता. भारतातील प्रश्न सिगारेटपुरता नव्हता, तो पानाच्या डब्यातही होता. तंबाखूयुक्त पान कर्करोगजनक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८५ मध्ये जाहीर केले, तेव्हा मुंबईच्या या अभ्यासाला ३० वर्षे झाली होती.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

१९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले व खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवलेल्या कमल रणदिवे यांनी येथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि पुढे केंद्राची धुराही सांभाळली. डॉक्टर नसलेल्या जीवशास्त्रज्ञांना कर्करोग संशोधनात बरोबरीचे स्थान देणे ही त्या काळी सरसकट आढळणारी गोष्ट नव्हती. पुढे हे केंद्र अणुऊर्जा विभागाकडे गेले आणि १९६६ मध्ये रुग्णालयासह टाटा स्मारक केंद्रात विलीन झाले.

कुष्ठरोगावरील काम

खानोलकरांचे दुसरे मोठे क्षेत्र कुष्ठरोग हे होते. या रोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे छेद तपासून, जंतू त्वचेतील बारीक मज्जातंतूंमध्ये लवकर शिरतात व त्यांच्याच वाटेने पसरतात, अशी मांडणी त्यांनी १९५१ च्या अहवालात केली. बधिरपणा हा या रोगाचा केंद्रबिंदू का, हे त्यातून समजायला मदत झाली.

१९५८ मध्ये बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीपासून एक आम्लस्थायी जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘आयसीआरसी जंतू’ म्हणून ओळखला जातो. पुढील तपासण्यांत तो कुष्ठरोगाचा मूळ जंतू नसून मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटाशी जवळीक असणारा ठरला. कुष्ठरोगाचा जंतू आजही कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. तरीही आयसीआरसी जंतूपासून पुढे कुष्ठरोगविरोधी लस तयार करण्यात आली, त्यामुळे हे काम वाया गेले असे म्हणता येत नाही.

इतर जबाबदाऱ्या आणि सन्मान

अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. भारतातील विकृतिशास्त्रज्ञांची संघटना उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले व राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपदी नेमले. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख अनेकदा केला जातो. त्यांच्याआधीही देशात या शास्त्राचे अध्यापन होत होते, हे लक्षात घेता ‘जनक’ हा शब्द सैल आहे. रुग्णालयातील निदानाच्या कामाला संशोधनाची शिस्त लावणारे आरंभीचे भारतीय, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संकुलातील मुख्य इमारतीस ‘खानोलकर शोधिका’ असे नाव देण्यात आले आहे.